लिंबांचं वर्ष

त्या ऑक्टोबरात, मातोझिन्योसच्या धक्क्यामागे,
आमच्या मासळीच्या कारखान्यात
लिंबांचे दोन ट्रक आले.
हवा होता एक.

चूक माझी नव्हती, पण यादी माझी होती.
नियोजनाच्या सॉफ्टवेअरला डोळे नसतात,
मी सांगते तेवढंच त्याचं जग:
इतके डबे, इतकी झाकणं, इतके पुरवठादार,
कोण कोणाच्या पोटात, कोण कोणाच्या वर.
आणि यादीत एकच डबा दोनदा बसला होता,
‘सार्डिन लिंबू १२०ग्रॅ’
आणि ‘सार्डिन लिंबू १२० ग्रॅ’.
मध्ये एक मोकळी जागा. अंगठ्याची चुकार टिचकी.
यंत्राने दोघांची वेगवेगळी पानं वाढली.

आठवडाभर पॅकिंगच्या बायका
एप्रनच्या ओच्यात लिंबं भरून घरी गेल्या.
कितेरिया म्हणाली, देओलिंदा,
असलं काही ऑलिव्ह तेलाच्या बाबतीत का होत नाही गं?

तेव्हापासून मला बसवलंय
नऊ हजार चारशे नावांसमोर.
जुळी शोधायची. एक ठेवायचं,
दुसऱ्याचे आकडे पहिल्याच्या पदरात घालायचे
आणि त्याच्यापुढे खूण करायची: निष्क्रिय.
पुसायचं नाही. ते पुसू देतही नाही.
ज्याच्या नावावर एक मासा जरी जमा आहे
तो जाऊ शकत नाही,
असा निरोप येतो, लाल अक्षरांत.

मार्चमध्ये मला आर्मेनियो तावेइरा सापडला.
तीन ठिकाणी.
एकदा पूर्ण नावाने, एकदा नुसता आ. तावेइरा,
एकदा सगळी मोठी अक्षरं आणि शेपटाला कंपनी,
जणू त्याच्याकडे एका होडीहून जास्त काही होतं.
होडी मी पाहिलेली. हिरवी, डाव्या कुशीला ठिगळ.
पावती तो उन्हात धरून वाचायचा,
पुढून, मग मागून, जिथे काहीच छापलेलं नसायचं.

त्याला जाऊन सहा वर्षं झाली.
तिसऱ्या नावाखाली, जिथे कोणी डोकावलंच नव्हतं,
त्याचे दोनशे अठरा युरो पडून होते.
जूनमधले. सार्डिन अंगाने भरते तेव्हाचे.

त्याची मुलगी पोव्होआत एका शाळेचा स्वयंपाक करते.
फोनवर आधी नुसती भांडी ऐकू आली.
मग म्हणाली, बाबा सांगायचे,
कारखान्याने माझी एक फेरी गिळली.
आम्हाला वाटायचं, वय बोलतंय.

पैसे गेले. दोन सह्या लागल्या.
मग मी तीन तावेइरांचा एक केला,
‘होड्या, उत्तर’ या फांदीवरून उतरवून
‘बंद पुरवठादार’ खाली ठेवला.
पाटीसारखा हलका होता. एका क्लिकमध्ये गेला.
उरला एक रकाना: कधीपर्यंत वैध.
तो सगळ्यांचा आपोआप भरलेला असतो,
एकतीस डिसेंबर, सन नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव.
डब्यांचा, झाकणांचा, साहेबांचा.
माझाही, मी पाहिलंय.
त्यात खरी तारीख घालायला गेले
तर ती मला माहीत नव्हती.
आणि तेवढ्यासाठी पुन्हा फोन करायला
जीभ वळेना.

तारीख तशीच आहे.
पुढच्या वर्षाचं नियोजन सुरू झालंय.
लिंबांचा आकडा मी तीनदा तपासला,
तरी कितेरिया जाता जाता दारातून विचारतेच,
पिशवी आणू का?